खा. एक

"दस्तगीरचाचांचे कोडे रोज एका शब्दावर अडायचे आणि तो शब्द रोज गुरुजींनी सांगायचा. चाचांच्या विद्वत्तेला गुरुजींचा टेकू होता!"

गेल्या महिन्यात इंदापूरच्या तहसील कचेरीबाहेर झालेल्या निरोपसमारंभात एका वकीलसाहेबांनी ध्वनिवर्धकावरून हे उद्गार काढले. टाळ्या पडल्या. हाराखाली मान वाकलेल्या सत्कारमूर्तींनी, म्हणजे दस्तगीर मुलाणींनी, "व्हय, खरं हाय," अशी साक्षही दिली. त्या वाक्यातले गुरुजी म्हणजे मी. मी शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो.

हे विधान साफ खोटे आहे. बसस्थानकासमोरच्या चहाच्या दुकानात आता ते दाखल्यासारखे सांगितले जाते. म्हणून मला लेखणी उचलावी लागली. सणसरच्या शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकवली. चुकीचे वाक्य समोर दिसले की मला बसवत नाही. हा परिच्छेद लिहिताना मी तीनदा उठलो आहे.

प्रथम दस्तगीरभाई कोण, ते सांगतो. कचेरीच्या कुंपणाला लागून दस्त लिहिणाऱ्यांची रांग आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, ज्याला जे हवे ते लिहून देणारी ही माणसे. त्या रांगेतले पहिले टेबल चाळीस वर्षे दस्तगीरभाईंचे होते. उंच, हडकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि पायांत भिंगरी. लिहायला बसले की तासभर हलत नसत. पण वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवताना त्यांना बसून विचारच करता येत नसे. ते चालत. आणि कसेही चालत नसत. आडवे शब्द सोडवताना कुंपणाच्या कडेकडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उभे शब्द सोडवताना टेबलापासून सरळ रस्त्याकडे आणि परत. त्यामुळे कोडे कुठवर आले, हे साऱ्या कचेरीला दुरूनच समजे.

"चाचा आडव्यात हायती का उभ्यात?" गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर विचारी.

"उभ्यात गेलं आत्ताच. बसा, चहा घ्या, अजून दहा शब्द हायती."

कारखाने सुरू झाले की रस्त्याने उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागे आणि दस्तगीरभाईंचे उभे शब्द अडकून पडत. ट्रॅक्टरचालकाला हात करून ते ओरडत, "अरं, जरा थांब की! पाच अक्षरी हाय!"

काही लोक सांगतात की ते कोडे मनोरंजनासाठी सोडवत. हेही खोटे. ते कोड्याचा दस्त करीत. त्यांच्या लेखी प्रत्येक शब्द हा जमिनीचा तुकडा होता आणि त्याला चतुःसीमा होत्या. "पूर्वेस 'मका', पश्चिमेस काळा चौकोन, उत्तरेस 'कारभारी'चा 'भा', दक्षिणेस मोकळं. आता सांगा गुरुजी, मधी काय बसंल?" काळ्या चौकोनांना ते गायरान म्हणत. चुकून लिहिल्या गेलेल्या अक्षराला अतिक्रमण. आडवा आणि उभा शब्द ज्या घरात एकमेकांना छेदतात, तो सामाईक बांध. एकदा कोडे रचणाऱ्याने अशाच एका घरात आडव्या शब्दासाठी 'दि' ऱ्हस्व आणि उभ्यासाठी 'दी' दीर्घ धरला होता. दस्तगीरभाईंनी संपादकांना रीतसर नोटीस पाठवली: 'सामाईक बांधावर उभयतांची संमती नसता वेलांटी फिरवणे बेकायदेशीर आहे.' उत्तर आले नाही. पुढे पंधरा दिवस ते कोडे सोडवताना पुटपुटत, "नोटीस मिळालेली हाय त्याला. गप बसलाय."

त्यांचे मुख्य सूत्र असे होते: "ताबा घेतल्याबिगर शब्द आपला न्हाय." उत्तर नुसते माहीत असून भागत नसे. एके दिवशी 'लालसर पंखांचा पाणपक्षी', तीन अक्षरे, असे सूत्र आले. मी तत्काळ सांगितले: रोहित. दस्तगीरभाई म्हणाले, "तुमी बघितलाय?" मी म्हणालो, पुस्तकात पाहिला आहे. त्यांनी टोपी झटकली, समोर आलेली एसटी पकडली आणि भिगवणला उजनीच्या पाण्यावर निघून गेले. सणसरचे एक आबा सकाळपासून वाटणीपत्रासाठी बसले होते. ते येईल त्याला सांगू लागले, "माझी वाटणी ऱ्हायली आन् ह्यो बाबा पक्षी बघाय गेला!" तिसऱ्या प्रहरी दस्तगीरभाई गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतले.

"हाय," ते म्हणाले. "उभा असला की पांढरा दिसतो. पंख उघडले की लाल. लिहून देतो!" आणि मगच त्यांनी ती तीन अक्षरे लिहिली. 'लिहून देतो' ही त्यांची शपथ होती.

ते लिहीत बॉलपेनने. माझ्यासारखा मराठीचा शिक्षकही कोडे आधी पेन्सिलीने भरतो. त्यांना ते अमान्य होते. सुरेखा नावाची मुलगी त्यांच्या हाताखाली दस्तलेखन शिकायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या कंपासपेटीत खोडरबर निघाला. त्यांनी तो दोन बोटांत धरून मेलेल्या झुरळासारखा कुंपणाबाहेर टाकला. "रबर चोराच्या खिशात असतो, बाळ. आपल्या हातनं चुकलं तर रेघ मारायची, बाजूला सही करायची. चूक दिसली पायजे. माझ्या टेबलावर पुन्हा ही वस्तू दिसली न्हाय पायजे."

टेबल हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण 'टेबल', दोन अक्षरे, म्हणजे मेज, हे उत्तर एकदा आले आणि आमचे फाटले. माझे म्हणणे, 'मेज' हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. चावी, बादली, घमेले, पगार आले तसा. त्यांचे म्हणणे, हा फारसी आहे आणि त्यांच्या आजोबांच्या आजोबांनी लिहिलेल्या कागदांत तो आहे. नऊ दिवस आम्ही बोललो नाही. दहाव्या दिवशी मी शब्दकोश घेऊन गेलो. त्यात दोन्ही मते दिली होती. आम्ही दोघेही शब्दकोशावर रागावलो. त्याच कोशात मला आढळले की 'दस्त' म्हणजे फारसीत हात आणि 'दस्तगीर' म्हणजे हात धरणारा. मी मोठ्या हौसेने त्यांना सांगितले.

ते म्हणाले, "नाव माझ्या आजीनं ठेवलं, पीराच्या नावावरनं. डिक्शनरी बघून न्हाय."

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मला तो टाळायचा नाही, जरी पाय पुन्हा दाराकडे वळत आहेत.

सात वर्षांपूर्वी माझी पत्नी कमल गेली. त्यानंतर दोन महिने मी घराबाहेर पडलो नाही. लोक म्हणतात, मी खचलो होतो. मी खचलो नव्हतो. मला बाहेर काही काम नव्हते, एवढेच. एका सकाळी फाटकाबाहेर दस्तगीरभाई दिसले. आत येत नव्हते. फाटकासमोर येरझाऱ्या घालत होते. आडव्या.

"गुरुजी, एक शब्द अडलाय."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मी म्हणालो, "सूत्र सांगा, येथूनच उत्तर देतो."

"न्हाय. पेपर टेबलावर हाय. तितं यावं लागंल."

"मग सूत्र पाठ करून यायचे होते!"

"माझी नजर आता पाठ करायची ऱ्हायलेली न्हाय. येताय का जाऊ?"

नजर आणि पाठांतर यांचा संबंध काय, हे विचारायचे मला तेव्हा सुचले नाही. मी शर्टाची बटणेही नीट न लावता त्यांच्यामागे गेलो. टेबलावर कोडे होते. सगळे भरलेले, फक्त दोन घरे कोरी. सूत्र होते: 'सकाळी अंगणात काढतात'. तीन अक्षरे. दुसरे अक्षर 'गो' लागलेले.

मी हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणालो, "अहो, रांगोळी! दुसरीतल्या पोराला येईल!"

"तुमास्नी येतंय ना? मग लिवा की. का नुसतंच बोलताय?" त्यांनी माझ्यापुढे पेन सरकवले. मी निळ्या शाईत लिहिले आणि विजयाची खूण म्हणून तो चौकोन कापून घरी नेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक शब्द अडला. तिसऱ्या दिवशीही. मग मी बोलावण्याची वाट पाहणे सोडले. रोज साडेदहाला मी हजर होत असे, खुर्ची ओढून बसत असे, एकच कोरा शब्द भरत असे आणि आजूबाजूच्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत असे, "काय हो मुलाणी, हेही येत नाही?" सर्व हसत. दस्तगीरभाईही हसत. कात्रणे मी ट्रंकेत साठवली. प्रत्येक कात्रणाच्या तळाला, समासात, त्यांच्या बारीक अक्षरात 'खा. एक' असे लिहून खाली 'द. मु.' अशी सही असे. त्याचा अर्थ मी पहिल्याच दिवशी लावला होता: खाली एक. म्हणजे एक शब्द रिकामा. पराभवाची प्रामाणिक नोंद! मला ते आवडे.

म्हणजे वकीलसाहेबांनी ध्वनिवर्धकावर सांगितलेली ती आवृत्ती मुळात कोणी पसरवली, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल. मीच. सात वर्षे, रोज साडेदहाला. जे खोटे मी आज खोडून काढतो आहे, त्याचा पहिला लेखकही मीच आहे. म्हणून ते खोडण्याचा अधिकार इतर कोणापेक्षा माझा जास्त आहे.

समारंभ झाला आणि दस्तगीरभाई बारामतीला लेकीकडे गेले. काचबिंदूने त्यांची नजर आता पुष्कळच अधू झाली आहे. टेबल सुरेखाने घेतले. चहाच्या दुकानातल्या कुणीतरी माझ्या थोरवीबद्दल शंका काढली, तेव्हा मी ट्रंकेतली पन्नासेक कात्रणे घेऊन झेरॉक्स काढायला निघालो. वाटेत सुरेखाच्या टेबलापाशी थांबलो. तिने वरचे कात्रण उचलले.

"अगं बया! चाचा कोड्यालाबी 'खा.' लावायचे व्हय?"

"खाली एक," मी समजावले. "एक शब्द रिक्त."

सुरेखा माझ्याकडे पाहतच राहिली. "खाली न्हाय हो गुरुजी, खाडाखोड! दस्त संपला की तळाला लिवायचं, किती ठिकाणी खोडलंय ते. खा. एक, खा. दोन, न्हायतर खा. नाही. चाचांनीच शिकवलं. म्हणायचे, खोडलं तर खोडलं, पण लिवलं न्हाय तर ती लबाडी." तिने कात्रण उलटसुलट केले. "पण हितं तर कुठं रेघ न्हाय, सही न्हाय. मग चाचांनी खोडलं काय?"

मला बसवेना. मी झेरॉक्स न काढताच घरी आलो आणि दुसरी ट्रंक उघडली. दहा वर्षांपूर्वी सणसरची अर्धा एकर जमीन मी मुलीच्या नावे केली, ते बक्षीसपत्र दस्तगीरभाईंच्याच हातचे होते. तळाला लिहिले होते: 'खा. नाही'. हा कागद मी शेकडो वेळा पाहिला होता. तो लिहितानाचे त्यांचे बोलणेही मला आठवले. सात-बारा पुढ्यात ठेवून त्यांनी विचारले होते, "ताबा तुमचाच हाय ना?" मी चिडून म्हणालो होतो, माझी जमीन, मी देतो, ताब्याचे काय घेऊन बसलात? तेव्हा ते म्हणाले होते, "ताब्यात न्हाय ते बक्षीस देता येत न्हाय, गुरुजी. आधी आपण घ्यायचं. मग द्यायचं."

दुसऱ्या दिवशी मी बारामतीची एसटी पकडली.

लेक नसीम हिचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. ती शिवणाच्या मशीनवर बसली होती. "या, गुरुजी," ती म्हणाली, "अब्बा उभ्यात हायत." आणि खरोखरच दस्तगीरभाई घराबाहेरच्या अरुंद गॅलरीत फरश्या मोजत चालत होते, दहा जायच्या, दहा यायच्या. नसीम मशीन चालवता चालवता सूत्रे वाचत होती. माझा आवाज ऐकून ते म्हणाले, "आलात? बरं झालं. हिला ऱ्हस्व-दीर्घ कळत न्हाय."

"अब्बा, मीच वाचतीय, आन् मलाच बोलताय!"

मी पाणीही न पिता विचारले, "दस्तगीरभाई, 'खा.' म्हणजे काय?"

ते सहाव्या फरशीवर थांबले. कोडे सुटलेले नसताना त्यांना थांबलेले मी प्रथमच पाहिले.

"खाली," ते म्हणाले. "रिकामं. मराठीचे मास्तर असून मला इचारता?"

"सुरेखा म्हणते, खाडाखोड."

"सुरेखा नवीन हाय."

"तिला अकरा वर्षे झाली."

"नवीनच की मग."

"पहिल्या दिवशी 'रांगोळी' तुम्हाला येत नव्हते?"

"न्हाय."

"आयुष्य इंदापुरात गेले, सकाळी प्रत्येक दारासमोरून चालत येता, आणि रांगोळी येत नव्हती?"

"आमच्यात काढत न्हाईत," दस्तगीरभाई गंभीरपणे म्हणाले.

आत मशीन थांबली. नसीमने तोंडाला पदर लावला होता.

मी हट्ट सोडला नाही. 'कारभारी' येतो, 'रोहित' येतो, फारसीतला 'मेज' येतो...

"बघा, कबूल केलंत. फारसीच हाय त्यो!"

"विषय बदलू नका! मग सात वर्षांत रोज एकच शब्द तेवढा कसा अडला? दोन का नाही? आणि मी पुण्याला मुलाकडे गेलो की त्या दिवसांत काय होत असे?"

"तवा कोडी सोपी यायची." ते पुन्हा चालू लागले. "गुरुजी, चार माणसांसमोर सत्कारात कबूल केलंय मी. लिहून देतो. आता सातवा उभा वाचा, चार अक्षरी, त्याच्यात आणि माझ्यात ट्रॉली आलीय."

मी सातवा उभा वाचला. उत्तर मला येत होते. मी म्हणालो, "मला काही सुचत नाही बुवा. तुम्हीच सांगा."

दस्तगीरभाई हसले. "राहू द्या. खोटं बोलायलाबी इलम लागतो. तुमास्नी जमायचं न्हाय."

संध्याकाळच्या एसटीने मी परतलो. माझ्या बाजूने आता एकही साक्षीदार उरला नव्हता. ज्याच्यासाठी भांडायचे तोच उलटला होता. 'खा.'चे दोन अर्थ होतात, हेही मला शिक्षक म्हणून मान्य करावे लागते. सुरेखाचा प्रश्न तर तसाच होता: रेघ नाही, सही नाही, मग खोडले काय?

दुसऱ्या दिवशी साडेदहाला, सवयीने, मी कचेरीपाशी गेलो. सुरेखा टेबलाचा खण रिकामा करीत होती. "चाचांचं ऱ्हायलेलं सामान हाय. बारामतीला जाताना घेऊन जाल का?" तिने एकेक वस्तू वर ठेवली: दस्त शिवायची सुई, दोऱ्याचे रीळ, शाईचा वाळलेला पॅड, बोटभर उरलेली पेन्सिल. मग ती खणात वाकून हात पार मागपर्यंत घालत म्हणाली, "आन् हे काय हो?"

या प्रकरणी आजवर तोंडी साक्षी पुष्कळ झाल्या. वकीलसाहेबांची झाली, चहावाल्याची झाली, खुद्द दस्तगीरभाईंची झाली, आणि सात वर्षांची माझीही. मी त्या सर्व नाकारतो. माझ्यापाशी एकच वस्तुस्थिती आहे आणि ती मी येथे लिहून देतो. त्या मेजाच्या खणात, अगदी मागच्या कोपऱ्यात, कागदाच्या घडीत जपून ठेवलेला, झिजून झिजून चिंचोक्याएवढा उरलेला एक खोडरबर होता.